मॅशिंगसाठी आईसबॉक्स कुठला घ्यावा? गोल जग की आडवी पेटी?

तिसरं_गेट

मंडळी, आधीच सांगतो, आईसबॉक्सला कूलरही म्हणतात, पण वाळ्याचा, वारा मारणारा कूलर नव्हे. मागे एका ग्रुपवर हाच प्रश्न टाकला तर तिघांनी पंख्याच्या मोटरचे भाव सांगितले. मला हवाय तो गरम ते गरम आणि गार ते गार ठेवणारा डबा. आईसबॉक्स म्हणा, पाण्याचा मोठा जग म्हणा.

भानगड अशी. आमची घरगुती बेकरी आहे, म्हणजे बायको भाजते आणि मी स्कूटरवरून पोचवतो. तिच्या एका पावाला जवाच्या माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, सिरप लागतं. गेल्या वेळी कुरिअरनं मागवलेली बरणी अर्धी रिकामी आणि खोका पूर्ण चिकट असा माल हातात आला. म्हटलं घरीच करू. माल्ट केलेले जव मिळतात, ते भरडायचे, ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचे (हेच मॅशिंग), गाळायचं, आटवायचं. वाचताना सोपं वाटलं.

पहिल्यांदा गॅसवर पातेल्यात केलं. तीन किलो जव, नऊ लिटर पाणी. वरती थर्मामीटर ६१ दाखवतोय, दांडी तळाला नेली तर ७४. आच बारीक केली की उतरतंय, मोठी केली की खाली धरतंय. तासभर पळी सोडता आली नाही आणि तरी बूड लागलंच. सिरपाला जळक्या खिरीचा वास. बायको म्हणाली, हे पावात घालायचं नाही.

मग वाचलं की बाहेरदेशी घरी बिअर करणारे लोक याच कामाला सर्रास आईसबॉक्स वापरतात, त्याला मॅश टन म्हणतात. खडेबाजारात फिरून आलो. वीस लिटरचा गोल जग आहे, लग्नात पाण्याला ठेवतात तसला, खाली तोटीचा. पंचेचाळीस लिटरची आडवी पेटी आहे, चाकंबिकं असलेली. आणि ओळखीचा एक मासेवाला त्याची सत्तर लिटरची जुनी पेटी जवळजवळ फुकट देतो म्हणतोय. मन पेटीकडे ओढतंय. उद्या जास्त करायचं झालं तर पुन्हा खर्च नको. काय घेऊ?

कोरडा_दिवस

१९२४ साली ज्या बेळगावात गांधीजी काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, त्या अधिवेशनासाठी खोदलेली विहीर ज्या टिळकवाडीत अजून आहे, तिथून हा धागा! सिरप म्हणे.

तिसरं_गेट

अहो सिरपच आहे. आमच्याकडे यीस्ट फक्त पिठात जातं.

घाटाखालचा

मासेवाल्याची पेटी घेऊ नका. मी सांगतो म्हणजे ऐका, गोव्याहून चोर्ला घाटानं मासळी आणण्यात माझी बारा वर्षं गेलीत. पेटी एक नंबर असते. भिंतीत पफ म्हणजे फोम भरलेला, झाकणाला रबर, तळाला बूच. सकाळी भरलेला बर्फ रात्रीपर्यंत टिकतो. पण वास? लिंबू, सोडा, ऊन, सगळं करून बघितलंय. गार असताना येत नाही, गरम पाणी ओतलं की बांगडा जिवंत होतो. तुमचा पाव कोण खाणार मग. आमचीच गिऱ्हाइकं.

नवी कोरी घेणार असाल तर गोष्ट वेगळी. पण सत्तर लिटरची चीज तीन किलोला कशाला ओ?

लीड्सकर_निपाणीचा

दादा, हा माझ्या आवडीचा विषय आहे. मी मूळचा निपाणीचा, अकरा वर्षं इंग्लंडात, लीड्सला. इकडे घरी स्वतःपुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, विकायची नाही एवढंच. त्यामुळे दर महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या गॅरेजमध्ये तुमच्या पातेल्यातलाच प्रकार चालतो. फरक एवढाच की पुढे मी हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळतो, गार करून यीस्ट टाकतो. तुम्ही तिथे वळून कढईकडे जाता. गाळेपर्यंत आपण एकाच रस्त्यावर आहोत.

आधी हे नेमकं काय चाललंय ते. जवाला मोड आणून वाळवले की त्यात पिष्टाची साखर करणारे दोन कामगार तयार होतात. ऊसतोडीला गेल्यासारखं समजा. एक जण उसाच्या टोकाकडून एकसारखी दोन-दोन पेरं मोडत येतो. दुसरा मधेच कुठेही कोयता घालतो. पहिल्याला साठ ते पासष्ट अंश मानवतात, सत्तरच्या आसपास तो लवकरच संपतो. दुसरा सत्तरच्या जवळ जोरात असतो. ६४-६५ ला मुरवलं तर पातळ, जास्त आंबणारी साखर निघते, ६८-६९ ला जाड, अंगाची. म्हणून बिअरवाले एका अंशासाठी भांडतात. सिरपाला एवढं नेमकं नसलं तरी चालतं. पण तुमच्या पातेल्यात ६१ आणि ७४ एकाच वेळी होते, म्हणजे वरचे कामगार अर्धवट आणि खालचे मेलेले.

आईसबॉक्सचा फायदा हाच, की आच नाही. बरोबर तापमानाचं पाणी ओतलं, ढवळलं, झाकलं, विसरलं.

आता गोल की आडवा. या विषयावर इंग्रजी धाग्यांवर लोक वीस वर्षं भांडतायत. माझं मत ऐका: आकारावर भांडण्यात अर्थ नाही, तुमच्या मापाचा घ्या आणि झाकण बघून घ्या. हिशोब करून दाखवतो. तीन किलो जव पाण्यात साधारण दोन लिटर जागा खातात. नऊ अधिक दोन, अकरा लिटर. तुमच्या आडव्या पेटीचा तळ साठ बाय तीस सेंटीमीटर धरा, म्हणजे अकरा लिटरचा थर सहा सेंटीमीटर. वर तीस-चाळीस लिटर रिकामी हवा. ती सगळी उष्णता खाणार, आणि गाळताना एवढ्या पातळ थरातून पाणी सरळ निसटून जाणार. गोल जगाचा आतला व्यास अठ्ठावीस धरला तर तोच थर अठरा सेंटीमीटर. हा झाला गाळायला थर!

माझ्याकडे आडवी पेटी आहे, पण मी एका वेळी पाच-सहा किलो घेतो. पाच किलोला पंधरा लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ साडेअठरा लिटर. उद्याच्या जास्तीसाठी आज मोठी घेऊ नका. उद्याचं उद्या.

काळा_कोट

लीड्सचं लीड्समध्ये. इथल्या वाचकांसाठी: कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ खाली परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, घरी स्वतःपुरती केली तरी. बिअरही त्यातच येते. गोड काढा आटवून सिरप करण्याला कोणी हरकत घेणार नाही. पण तोच काढा यीस्ट घालून झाकून ठेवलात तर मी वकीलपत्र घेईन, फी आगाऊ. इथे यीस्टची कृती कृपया कोणी लिहू नये.

लीड्सकर_निपाणीचा

मान्य. मी डब्यापुरतंच बोलतो.

शहापूरची_वाकळ

माल्ट माल्ट काय कराय लागलायसा, हे आपलं नाचणीचं सत्त्वच की रे! भिजत घालायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायचं, दळायचं. आमच्या सासूबाई तर मोडाचे शेपूट चोळून काढायच्या, नाहीतर कडू होतं म्हणायच्या. तीन नातवंडांना तेच पाजून वाढवलंय.

जव घरी मोडवायचे असतील तर पूजेच्या दुकानात होमाचे जव मिळतात, सालीसकट. किराण्यातले पांढरे, घासलेले जव आणू नको, त्यांना मोड यायचे नाहीत. आणि शेतीच्या दुकानातलं बियाणं तर अजिबात नको, त्याला औषध चोळलेलं असतंय.

लीड्सकर_निपाणीचा

काकू, तुमच्या सासूबाईंनी सांगितलेलं बरोबर आहे. माल्ट करणारे कारखानेही वाळवल्यावर ते कोंब-मुळं घासून काढतात. ज्वारीला मोड आणत असाल तर हे नक्कीच करा, ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारा पदार्थ असतो.

तिसरं_गेट

गोल जग आणला! वीस लिटर. तळाला त्रिकोणात ५ आकडा आहे. चालेल ना?

लीड्सकर_निपाणीचा

५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, उत्तम. २ असतं तरी चाललं असतं. थर्माकोलचा नुसता खोका मात्र कोणी वापरू नये, गरम पाण्यानं मऊ पडतो आणि खाण्याच्या पदार्थाला तो नाहीच.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हे जग गार पाण्यासाठी केलेले असतात. माझ्या पहिल्या जगात मी शहाणपणा करून थेट उकळतं पाणी ओतलं. आतली भिंत गरम झालेल्या पुरीसारखी फुगली आणि परत बसली नाही. ऐंशीच्या वर जाऊ नका. पण थंड जगात थेट ओतूही नका. आधी दोन-तीन लिटर सत्तर-पंच्याहत्तरचं पाणी घालून झाकून दहा मिनिटं ठेवा, मग ते ओतून द्या. नाहीतर भिंत तुमचे दोन-तीन अंश पिऊन टाकते आणि तुम्ही हिशोबाला दोष देत बसता.

तिसरं_गेट

हिशोब म्हणजे? पाणी किती अंशाचं ओतायचं?

लीड्सकर_निपाणीचा

०.४१ ला किलोमागे जेवढे लिटर पाणी घेता त्यानं भागा. हव्या तापमानातून धान्याचं तापमान वजा करा. दोन्हींचा गुणाकार करून हव्या तापमानात मिळवा. तुमचं तीन लिटरचं प्रमाण, धान्य २५ अंशावर, हवेत ६७. तर ०.४१ भागिले ३ म्हणजे ०.१३७, गुणिले ४२, साधारण ५.७. पाणी ७२.७ चं हवं. डिसेंबरात पहाटे धान्य पंधरा अंशावर असेल तर ७४.

तिसरं_गेट

इथेच घोळ आहे. माझा थर्मामीटर खोटा निघाला बहुतेक. काल खळखळ उकळत्या पाण्यात धरला तर ९७.६ दाखवतोय. दुसरा आणला, तोही ९७.४. बर्फाच्या पाण्यात दोन्ही शून्य. परत करू?

उद्यमबागचा

परत करू नका, दोन्ही शहाणे आहेत. बेळगाव समुद्रापासून साडेसातशे मीटर उंचावर आहे. हवेचा दाब कमी, त्यामुळे आपल्याकडे पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. शंभर दाखवणारा थर्मामीटर आणला असता तर तो चुकीचा म्हणून फेकायला सांगितला असता. माझं हीट ट्रीटमेंटचं काम आहे, थर्मामीटर तपासणं हे माझं रोजचं दुखणं.

बरं, तोटीचं काय केलंत? त्या जगाला दाबायची प्लॅस्टिकची तोटी येते. धान्याचा एक दाणा अडकला की खेळ खलास.

तिसरं_गेट

हो तेच. ती काढून टाकीला लावतात तसला टँक निपल आणि बॉल व्हॉल्व लावायचा बेत आहे. पीव्हीसीचा मिळाला, स्वस्तात.

उद्यमबागचा

पीव्हीसी नको ओ! साधं पीव्हीसी साठ अंशांपर्यंतचं असतं, तुमचं काम त्याच्या वरचं. सीपीव्हीसी नव्वदच्या पुढेही टिकतं. पितळेचं पण नको, पितळात शिसं असतंय आणि तुमचा पाव मुलं खातात. अर्ध्या इंची स्टेनलेस निपल, ३०४ चा, दोन चेकनट, दोन सिलिकॉन वॉशर. माझ्याकडे या, सिलिकॉन शीटमधून वॉशर पंच करून देतो. चहा तुमचा.

आणि आवळताना लक्ष ठेवा. जगाच्या दोन भिंतींत नुसता फोम आहे. पान्यानं आवळाल तर आतली भिंत बाहेरच्या भिंतीकडे दबेल, वॉशर तिरका बसेल, आणि पाणी गळेल ते बाहेर नाही, फोममध्ये.

तिसरं_गेट

हे आवळण्याचं नीट वाचायला हवं होतं राव.

झालं तेच. तुमचं ऐकून स्टेनलेसचाच आणला, रामदेव गल्लीतून, पण आवळला पान्यानं. रात्री पाणी भरून ठेवलं. सकाळी बाहेर एक थेंब नाही, मी खूष. मग जग उचलला तर वजन चुकीचं लागलं. ओतून रिकामा केला तरी हलवल्यावर आत डबडब आवाज. तळाला एक बारीक भोक पाडलं तेव्हा कपभर पाणी निघालं, फोमचा वास मारणारं. आता उन्हात उलटा करून ठेवलाय आणि बायको काही न बोलता त्याच्या बाजूनं ये-जा करते.

उद्यमबागचा

घेऊन या. दोन भिंतींच्या मधे बसेल असा स्टीलचा बुश, म्हणजे पोकळ नळीचा तुकडा, लेथवर काढून देतो, भिंतींच्या अंतराएवढ्याच लांबीचा. मग कितीही आवळा, भिंत दबणार नाही. वीस मिनिटांचं काम. आपल्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट होतात, हा तर बुश आहे.

तोपर्यंत भोक तसंच राहू द्या, फोम वाळेल. आठ दिवसांनी सिलिकॉननं बुजवा.

खानापूर_रोड

आत गाळणी काय लावणार? तोटी कितीही चांगली असली तरी धान्य तोंडाशी येऊन बसणारच.

लीड्सकर_निपाणीचा

हा मुद्दा झाकणाएवढाच महत्त्वाचा. लोक भोकं पाडलेली ताटली ठेवतात, तिला खोटा तळ म्हणतात. कोणी तांब्याच्या नळीला खाचा पाडून जाळं करतं. मी सगळ्यात स्वस्त मार्गानं जातो. बेसिनला जो जाळीदार कनेक्शन पाइप येतो ना, त्याची दोन्ही टोकं कापायची, आतली रबराची नळी ओढून काढायची, उरते ती स्टीलची वेणी. एक टोक दुमडून बंद, दुसरं तोटीला क्लिपनं. अमेरिकेत डेनी कॉन नावाच्या गृहस्थांनी आडवी पेटी आणि ही वेणी एवढ्यावर ही पद्धत लोकप्रिय केली.

दोन भानगडी आहेत. वेणी खरी स्टेनलेसची हवी. स्वस्तातल्या पाइपांना अॅल्युमिनियमची किंवा चक्क रंगवलेल्या नायलॉनची असते. आणि ओल्या धान्याच्या वजनानं वेणी चपटी होते, म्हणून आत स्टीलच्या तारेची स्प्रिंग सारायची.

शहापूरची_वाकळ

आणि भरडायचं कुठं? चक्कीत नेलंस तर पीठ करून देईल तो.

तिसरं_गेट

काकू, तसंच झालं होतं पहिल्यांदा. "भरड द्या" म्हटलं तर त्यानं रवा दिला.

शहापूरची_वाकळ

जातं आहे का घरात? मधला खुंटा थोडा वर घे म्हणजे पाळ्या लांब होतात. हुलगे भरडतो तसं. दाणा फुटला पाहिजे, साल अख्खं राहिलं पाहिजे. पहिली मूठ ताटात पसरून बघ. अख्खा दाणा दिसला तर खुंटा जरा खाली, पांढरं पीठ उडालं तर वर. जव आधी किंचित पाण्याचा हात लावून दहा मिनिटं झाकून ठेव, साल चिवट होतंय, तुटत नाही.

लीड्सकर_निपाणीचा

काकू, हे पाणी लावून भरडणं मोठमोठ्या ब्रुअरीत यंत्रानं करतात! तुम्हाला कोणी सांगितलं?

शहापूरची_वाकळ

डाळ करताना सगळ्याच करतात की रे.

खानापूर_रोड

साल अख्खं राहणं महत्त्वाचं, कारण तेच गाळणीचं काम करतं. पण पुढे-मागे कोणी गहू किंवा नाचणी मिसळणार असेल तर त्याला साल नाही, लगदा होतो आणि थेंब खाली येत नाही. आमच्या भागात भाताच्या गिरण्या आहेत, तूस फुकट पडलेलं असतं. धान्याच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के तूस मिसळा. आधी उकळत्या पाण्यात धुऊन घ्या, धूळ फार असते. कोंडा नव्हे हां, तूस. कोंड्यानं उलट चिखल होतो. माझा अनुभव बिअरचा नाही, नाचणीच्या सत्त्वाचा गाळ काढताना आईनं हे केलेलं बघितलंय.

संपादक

धागा "खरेदी सल्ला" मधून "पाककृती" विभागात हलवला आहे. @कोरडा_दिवस, तक्रार मिळाली, तपासली, सिरपच आहे.

तिसरं_गेट

जग दुरुस्त झाला. उद्यमबागच्या दादांनी बुश बसवून दिला, पैसे घेतले नाहीत, दोन पाव घेतले. काल नुसत्या पाण्यावर परीक्षा घेतली, आकडे देतो.

अकरा लिटर पाणी, ६८ अंश, जग आधी गरम केलेला. झाकण लावून तासानं ६५.८. बाहेरून हात लावला तर भिंत गार, झाकण मात्र चांगलं कोमट. झाकण उलटं करून ठोकलं तर पोकळ वाजलं. म्हणजे भिंतीत फोम आणि झाकणात नुसती हवा! मग झाकणाच्या आतून छोटं भोक पाडून स्प्रेचा फोम भरला, चोवीस तास वाळू दिला, भोक बुजवलं. वरून घोंगडं गुंडाळलं. पुन्हा ६८. तासानं ६७.२.

दुकानात मी भिंतीची जाडी बोटांनी मोजत होतो. झाकण एकदाही ठोकून बघितलं नाही.

घाटाखालचा

आमच्या पेट्यांचं झाकण भिंतीपेक्षा जाड असतं ते उगाच नाही.

लीड्सकर_निपाणीचा

तासाला एक अंशाच्या आत म्हणजे फार छान. आता खरं धान्य घाला. पाणी आधी, धान्य वरून थोडं थोडं, गोळे फोडत. दहा मिनिटांनी मधोमध तापमान बघा. कमी असेल तर कपभर उकळतं पाणी, ढवळत घाला. जास्त असेल तर चार बर्फाचे खडे.

तासाभरानं एक थेंब पांढऱ्या बशीत घ्या, त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब. शाळेत बटाट्यावर टाकायचो तोच. निळं-काळं झालं तर पिष्ट शिल्लक, अजून वीस मिनिटं थांबा. रंग तपकिरीच राहिला तर झालं. बशीतलं जगात परत ओतू नका.

गाळताना तोटी अर्धीच उघडा. पहिलं लिटर-दीड लिटर गढूळ येतं, ते हळूच परत वर ओता. निवळ यायला लागलं की भांड्यात. सगळं निथळलं की पंच्याहत्तर अंशांचं सहा लिटर पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं, पुन्हा तसंच. धान्य स्वतः किलोमागे लिटरभर पाणी धरून ठेवतं, ते सोडून द्या, पिळू नका. फार गरम पाण्यानं धुतलं तर सालीचा तुरटपणा उतरतो, सत्त्याहत्तरच्या वर नको.

तिसरं_गेट

आज झालं. सगळं लिहितो, कारण उद्या विसरेन.

पहाटे साडेपाचला सुरुवात, धान्य १९ अंशांवर. हिशोबानं पाणी ७३.६ हवं होतं, ७४ घेतलं. धान्य घालून ढवळल्यावर ६६.८. मी एकटाच स्वयंपाकघरात टाळी वाजवली. घोंगडं टाकलं आणि चक्क अंघोळ करून आलो. तासानं ६६.१. आयोडीन तपकिरी.

पहिली बादली निथळली पाच लिटर आठशे. दुसऱ्या वेळी मधेच धार बारीक झाली, मग बंद. तोटीतून उलटी फुंकर मारली, लांब चमच्यानं वरवर चिरा पाडल्या, पुन्हा सुरू. रंग पातळ चहासारखा, चव... उकडलेलं कणीस आणि गूळ यांच्या मधलं काहीतरी. मुलीनं वाटीभर तसंच प्यायलं.

पावणेबारा लिटर झालं. गच्चीवर चुलीवर कढई ठेवली. पहिल्या उकळीला उतू गेलंच, अर्धी वाटी तरी चुलीत. मग चार तास. शेवटचा तास गुऱ्हाळातल्या काकवीसारखा, बुडबुडे जाड आणि आळशी, आच बारीक, हात थांबवायचा नाही. बशीवर थेंब टाकला तर पसरला नाही. वजन दोन किलो शंभर. जळका वास नाही.

बायकोनं बोट बुडवून चाखलं, काही बोलली नाही, बरणी धुवायला घेतली.

उद्यमबागचा

तीन किलोतून दोन शंभर? वाईट नाही की. बुश गळतोय का?

तिसरं_गेट

थेंब नाही. चेकनट नुसत्या हातानं आवळलाय.

लीड्सकर_निपाणीचा

अर्ध्या वाटीचं धरून फार चांगलं आहे. जवाच्या माल्टमधून घरी वजनाच्या साठ टक्के घनपदार्थ निघाले तरी आम्ही खूष असतो. तुमच्या दोन शंभरात वीस टक्के पाणी धरा, छप्पन्न टक्के भरतंय, म्हणजे जवळपास तेवढंच.

धार अडकली ते वेणी चपटी झाल्यामुळे असेल. स्प्रिंग घातली होती?

तिसरं_गेट

नाही. कंटाळा केला. उद्या घालतो.

काकू, एक विचारायचं होतं. चोथा पाच-सहा किलो निघालाय, ओला. टाकवत नाही. येळ्ळूरला मेव्हण्याकडे म्हैस आहे, चालेल?

शहापूरची_वाकळ

चालेल म्हणजे काय, धावत येईल म्हैस. पण आजच नेऊन दे. उन्हाचं उद्या आंबट होतंय. आणि एकदम सगळा घालू नको म्हणावं, पेंडीत मिसळून थोडा थोडा.